टाइमआऊटमधलं एक मिनिट आणि समोरून चालत येणारा कोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा आणि आंतरशालेय बास्केटबॉल सामन्यांत दोन वर्षांपासून पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या एकाला टाइमआऊटचीच धास्ती वाटू लागली आहे. खेळ चालू असताना कोच आपल्या बाकाजवळ असतात. टाइमआऊटची शिट्टी झाली की मात्र ते खेळाडूंकडे न जाता सरळ पंचाकडे येतात, मागच्या फाउलचा जाब विचारतात, स्कोअर आणि घड्याळ सांभाळणाऱ्या टेबलवरच्या मुलांवर आवाज चढवतात आणि मिनिट संपलं तरी संघ आत पाठवत नाहीत. खेळ थांबलेला असताना टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) देता येतो का? आणि द्यायचा तर कधी?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: देता येतो. घड्याळ थांबलं म्हणून वागणुकीचे नियम थांबत नाहीत. दुसऱ्या भागाचं उत्तर लांब आहे, कारण बावीस वर्षं शिट्टी हातात धरल्यावर माझं असं ठाम मत झालं आहे की टाइमआऊटमध्ये दिलेल्या टेक्निकलपैकी बरेच टाळता आले असते. पंच पहिल्या दहा सेकंदांत योग्य जागी गेला असता तर ते द्यायची वेळच आली नसती.

आधी ते मिनिट कोणाचं आहे हे मनात पक्कं करा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत टाइमआऊट एक मिनिटाचा. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून २, नंतरच्या दोनमध्ये मिळून ३, आणि प्रत्येक जादा वेळेत १. म्हणजे नेहमीच्या ४० मिनिटांत कोचला आपल्या पाचही जणांशी एकत्र बोलायची अशी पाचच मिनिटं हक्काने मागून घेता येतात. त्यातलं एक तो तुमच्याशी वाद घालण्यात घालवतो तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान त्याच्या खेळाडूंचं होतं. म्हणून माझी भूमिका एकच आहे: ते मिनिट त्याच्या खेळाडूंचं आहे. आपण त्यात शिरायचं नाही, आणि त्याला ते सोडून आपल्याकडे यायला कारणही द्यायचं नाही.

नियमही याच बाजूने आहे. टाइमआऊटमध्ये खेळाडू मैदान सोडून बाकावर बसू शकतात, बाकावरची माणसं मैदानात येऊ शकतात, पण आपल्या बाकाच्या आसपासच. मधलं वर्तुळ ओलांडून पलीकडच्या रेषेपर्यंत आलेला कोच परवानगीच्या जागेबाहेरच असतो. पंचांशी बोलायचं तर ते मुख्य प्रशिक्षकाने, चेंडू मृत (खेळात नसलेला) आणि घड्याळ बंद असताना, सभ्य भाषेत. कर्णधारालाही तसं विचारता येतं. पहिला सहायक प्रशिक्षक उभा राहून खेळाडूंना सूचना देऊ शकतो (दोघांपैकी एका वेळी एकच उभा), पण पंचांशी बोलण्याचा अधिकार त्याला नाही. हे सगळं तोंडपाठ असू द्या, पण येणाऱ्या माणसाच्या तोंडावर फेकू नका.

आता जागेबद्दल. शिट्टी देऊन टाइमआऊटची खूण केली की टेबलसमोरून निघा आणि समोरच्या बाजूला जा. तोंड दोन्ही बाकांकडे. चेंडू जिथून पुन्हा खेळात येणार तिथे ठेवा किंवा तो घेऊन तिथेच उभे राहा. टेबल दोन्ही बाकांच्या मधोमध असतं. तिथे रेंगाळणं म्हणजे दोन्ही कोचच्या चार पावलांवर उभं राहणं. आपल्याकडच्या उघड्या सिमेंटच्या मैदानांवर यात एक खास अडचण असते, ती म्हणजे पाणी. आयोजक पंचांच्या बाटल्या टेबलखाली ठेवतात. मे महिन्यातल्या नागपुरात सामना असेल तर पंच टाइमआऊट होताच पाण्यासाठी टेबलकडेच धावतो आणि तिथेच कोच त्याला गाठतो. सामन्याआधी आयोजकांना सांगून आपलं पाणी पलीकडच्या बाजूला ठेवून घ्या. एवढ्या साध्या बदलाने माझे कितीतरी वाद मिटले आहेत.

त्याही आधी फाउलची नोंद पूर्ण आणि स्पष्ट करा. अर्धे कोच भांडायला येतच नसतात. फाउल कोणावर, कितवा, आता थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत) की फ्री थ्रो (बिनविरोध फेक), हे त्यांना कळलेलं नसतं. नंबर बोटांनी नीट दाखवला, दिशा दाखवली, टेबलने मान डोलावली, मगच टाइमआऊट. आणि जोडीदाराशी एक वाक्य बोलून घ्या, चेंडू कोणाचा, कुठून, किती वेळ उरलेला: "निळे, बाजूची रेषा, अकरा सेकंद." मिनिटानंतर हे आठवत नाही. आठवलं नाही की दोन्ही कोच आठवण करून द्यायला येतात, दोघं वेगवेगळी. एवढं बोलून झालं की जोडीदाराशी हसतखेळत गप्पा नकोत. बारा गुणांनी मागे पडलेल्या कोचला लांबून फक्त दोन पंच हसताना दिसतात.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी एका संघाच्या मुख्य खेळाडूवर पाचवा फाउल दिला, म्हणजे तो सामन्याबाहेर. लगेच टाइमआऊट झाला आणि मी टेबलपाशीच उभा राहून स्कोअरशीट बघत बसलो. कोच आले. मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा उत्तर दिलं, आधीपेक्षा लांब. चौथ्या वेळी मी म्हणालो, "तुमचा मुलगा सुरुवातीपासून असाच खेळतोय." आता ते फाउलचं स्पष्टीकरण राहिलं नव्हतं, त्या मुलावर मी मारलेला शेरा झाला होता. कोचचा तोल गेला, मी टेक्निकल दिला. फाउल बरोबर होता, टेक्निकलही नियमात बसत होता. पण त्या मिनिटभर त्यांची मुलं बाकाशी गोल करून उभी होती, आणि मधल्या रिकाम्या जागेत बोलायला कोणी नव्हतं. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

तरीही कोच येतातच. आले की आधी ऐका ते काय घेऊन आलेत. खरा प्रश्न असेल ("सर, तो ब्लॉकिंगचा फाउल का? माझा मुलगा उभा होता.") तर एक उत्तर द्या, एकाच वाक्यात, आणि जे पाहिलं तेवढंच सांगा: "सर, संपर्काच्या वेळी तो बाजूला सरकत होता." मत असेल ("आज सगळं एकतर्फीच चाललंय") तर त्याला उत्तर नसतं. मान हलवा, "ऐकलं, सर" म्हणा आणि पुरे. तिसरा प्रकार प्रेक्षकांसाठी असतो: हात पसरून, गॅलरीकडे बघत, मोठ्या आवाजात. तिथे शब्दांनी काही होत नाही, पुढच्या पायरीवर जावं लागतं. मुंबईतल्या नागपाड्यासारख्या ठिकाणी, जिथे लोक रेषेला अगदी खेटून सामना बघतात, हा तिसरा प्रकार दोन मिनिटांत सगळं मैदान तापवतो. तिथे मी नेहमीपेक्षा लवकर थांबवतो.

उत्तर देताना आवाज कोचच्या आवाजापेक्षा खाली ठेवा. बोट दाखवू नका, हाताची घडी नको, अंगाला हात तर मुळीच नको. छातीसमोर छाती आणू नका. थोडे तिरके उभे राहा, म्हणजे त्याचा बाकही नजरेत राहतो. चूक झाली असेल तर कबूल करा: "माझ्या कोनातून तो हात दिसला नाही, सर." पण "पुढच्या वेळी देतो" असं कधीही म्हणू नका, तो भरपाईचा वायदा होतो, आणि पुढचा प्रत्येक फाउल कोच त्या वायद्याच्या हिशेबात धरतो. "शांत व्हा", "नियम वाचून या" आणि "मला शिकवू नका" ही तीन वाक्यं मी तरुण पंचांना पूर्ण बंद करायला सांगतो. एका उत्तरानंतर मी फक्त एवढंच म्हणतो: "सर, मुलं वाट बघतायत." बहुतेक वेळा कोच मागे वळून बघतो आणि स्वतःच परत जातो.

आपल्याकडे आणखी एक नाजूक गोष्ट आहे. बास्केटबॉलचं वर्तुळ लहान आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर किंवा नागपाड्यात ज्यांनी आपल्याला लेअप शिकवला, तेच सर समोरच्या बाकावर कोच म्हणून उभे असतात. त्यांच्या पाया पडायचं असेल तर जरूर पडा, पण मैदानाबाहेर, वॉर्मअपच्या आधी, आणि दुसऱ्या कोचच्या डोळ्यांसमोर नाही. सामना सुरू झाला की दोघंही "सर" किंवा "मॅडम", दोघांनाही एकाच अंतरावरून, एकाच आवाजात. एकाला "सर" आणि समोरच्या महिला कोचला "ताई" असं होता कामा नये. जवळीक शब्दांतूनच दिसते, आणि हरणारा कोच ती सगळ्यांत आधी हेरतो. तुमचे सर टाइमआऊटमध्ये हक्काने दोन शब्द सुनावायला आले तर त्यांना तेवढंच उत्तर द्या जेवढं अनोळखी कोचला दिलं असतं. खरे गुरू समजून घेतात. माझ्या सरांनी घेतलं.

टेबलबद्दल मात्र माझा संयम कमी आहे. जिल्हा पातळीवर स्कोअरशीटवर आणि घड्याळावर बऱ्याचदा कॉलेजची किंवा शाळेची मुलं बसलेली असतात. त्यांच्याकडे शिट्टी नाही, अधिकार नाही. खेळ थांबलेला असताना फाउल किती, टाइमआऊट किती उरले हे टेबलला विचारण्याचा हक्क आहे. पण पेन हातात धरलेल्या सोळा वर्षांच्या मुलीवर टेबल आपटून ओरडण्याचा हक्क कोणालाही नाही. असं दिसलं की मी पलीकडची बाजू सोडून टेबलपाशी जातो. कोच आणि टेबल यांच्या मध्ये उभा राहतो आणि म्हणतो, "सर, जे विचारायचं ते मला विचारा." ही एकच सूचना, म्हणजे ताकीद. त्यानंतर आवाज चढला की टेक्निकल, दुसरी सूचना नाही. टेबलवरच्यांशी अनादराने बोलणं हे टेक्निकलच्या नियमात पंचांशी अनादराने बोलण्याच्या बरोबरीने लिहिलेलं आहे.

सूचना देण्यासाठी टाइमआऊटइतकी चांगली वेळ दुसरी नाही. खेळ थांबलेला, आवाज कमी, जोडीदार बाजूला. मात्र टाइमआऊट संपताना द्या, सुरुवातीला नको. सुरुवातीला कोचच्या डोक्यात पुढची चाल असते. मुख्य कोचलाच द्या, बोलणारा सहायक किंवा बदली खेळाडू असला तरी. "सर, सहायकांनी माझ्याशी बोलायचं नाही. ही सूचना समजा." शब्द मोजके, आणि "सूचना" हा शब्द त्यात हवाच, नाहीतर नंतर ते म्हणतात की तुम्ही सहज बोललात. लगेच जोडीदाराला सांगा. एकाने चूक केली असताना "दोन्ही बाक ऐका" असं ओरडणं मला अजिबात पटत नाही. निर्दोष कोचला ते फार लागतं, आणि रास्तच आहे. शिवी, धमकी किंवा अंगावर येणं असेल तर आधी सूचना द्यायची गरज नसते.

टेक्निकल द्यायची वेळ आली तर आधी दोन पावलं मागे या, मग शिट्टी आणि खूण. नाकासमोर टी (टेक्निकलची हाताची खूण) दाखवलं की ते आव्हान वाटतं. टेबलला नोंद द्या: कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल असेल तर "सी", बाकावरच्या दुसऱ्या कोणामुळे असेल तर मुख्य कोचच्याच खात्यात "बी". दोन "सी" झाले की कोच अपात्र. एकूण तीन झाले, सगळे "बी" किंवा त्यात एक "सी", तरी अपात्र. हे फाउल सांघिक फाउलमध्ये मोजले जात नाहीत, टेबलवरची मुलं इथे हमखास चुकतात, म्हणून डोळ्याने खात्री करा. नोंद झाली की फाउल देणाऱ्याने लांब जायचं. कोचशी बोलायचं ते जोडीदाराने.

टाइमआऊट तिथेच तुटत नाही. तो पूर्ण होऊ द्या, दंड नंतर. दंड एक फ्री थ्रो, आणि मग ज्या संघाचा चेंडू होता किंवा मिळणार होता त्यालाच तो त्याच जागेजवळून. म्हणून जोडीदाराशी बोललेलं ते "निळे, बाजूची रेषा, अकरा सेकंद" इथे कामाला येतं. दुसऱ्या कोचला मिनिट संपायच्या आत सांगा की एक फ्री थ्रो आहे, कोण घेणार ते ठरवा. हे सांगितलं नाही तर खेळ सुरू होताना तोही बोलायला येतो, आणि एका टेक्निकलमधून दुसरा उभा राहतो.

अपात्र ठरलेल्या कोचने संघाच्या खोलीत किंवा इमारतीबाहेर जायचं असतं. उघड्या मैदानावर खोली नसते, मग ते जाळीपलीकडे उभे राहून ओरडत राहतात. तो गेल्याशिवाय खेळ सुरू करू नका, आणि घालवायचं काम आयोजकांकडे द्या. पंचाने कोणामागे चालत जायचं नाही. संघ पहिला सहायक सांभाळतो. तो नसेल तर कर्णधार.

मिनिट संपवण्याकडे वळतो. ५० सेकंदांना टाइमकीपरचा हॉर्न होतो. हॉर्न नसेल तर त्याच्याकडे शिट्टी किंवा घंटा द्या आणि आधी एकदा वाजवून बघा. साधारण ४० सेकंद झाले की मी आणि जोडीदार एकेका बाकाच्या दिशेने निघतो, घोळक्यात न शिरता, कोचला दिसेल असं बाजूला उभं राहतो. हॉर्न झाला की "चला सर, पांढरे बाहेर." चालढकल झाली तर पहिल्यांदा मुख्य कोचला सूचना. ती मानली नाही तर त्या संघाच्या खात्यात आणखी एक टाइमआऊट लावायचा. टाइमआऊट उरलेलाच नसेल तर खेळ लांबवल्याबद्दल कोचवर टेक्निकल, "बी" म्हणून. हे अनेक पंचांना माहीतच नसतं, आणि ते ओरडण्यावर वेळ घालवतात. एक टाइमआऊट खर्ची पडला की पुढच्या वेळी तोच संघ हॉर्नच्या आधी उभा असतो.

शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यात जास्त भांडणं दोन गोष्टींवरून होतात. पहिली: चौथ्या क्वार्टरमध्ये घड्याळ २:०० वर येईपर्यंत उत्तरार्धातला एकही टाइमआऊट घेतला नसेल तर तीनपैकी एक जातो, स्कोअरर पहिल्या चौकटीत दोन आडव्या रेघा मारतो. कोचला वाटतं तीन आहेत, टेबल म्हणतं दोन. २:०० वर येण्याआधी कोच स्वतः विचारायला आला तर टेबलने अचूक आकडा सांगायला हवा. शेवटचा टाइमआऊट संपला की स्कोअररने पंचामार्फत कोचला तसं कळवायचं असतं. ते काम टाळू नका, बाकाजवळ जाऊन स्पष्ट सांगा. दुसरी: या दोन मिनिटांत, किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू स्वतःच्या मागच्या भागातून (आपण राखतो त्या बास्केटच्या बाजूच्या अर्ध्या मैदानातून) मिळणार असलेल्या संघाने टाइमआऊट घेतला तर खेळ मागून सुरू करायचा की पुढच्या भागातल्या थ्रो-इन रेषेवरून, हे कोच ठरवतो. पुढून घेतला तर शॉट क्लॉकवर (फेक करायला उरलेली वेळ दाखवणाऱ्या घड्याळावर) १४ किंवा जास्त सेकंद असतील तिथे १४ होतात. मिनिट संपल्यावर त्यालाच विचारा, उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणा, दुसऱ्या कोचलाही ऐकू जाईल असं. खेळाडूला विचारून ठरवू नका.

टाइमआऊट संपलेला कोच काय करू शकतो याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधलं आहे. २७ नोव्हेंबर २०१३ ला ब्रुकलिन नेट्सचे तेव्हाचे कोच जेसन किड यांच्याकडे लेकर्सविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या क्षणी टाइमआऊट उरला नव्हता. त्यांच्याच खेळाडूचा धक्का लागून त्यांच्या हातातलं पेय मैदानात सांडलं, फरशी पुसेपर्यंत संघाला चाल आखायला वेळ मिळाला. लीगने ५०,००० डॉलरचा दंड केला. आपल्याकडे पेयाऐवजी बुटाची नाडी असते, नाहीतर अचानक आलेला पेटका. फरशी पुसायला लावाच, दुखापत खरीच समजा, पण त्या वेळात दोन्ही संघांचे पाचही जण मैदानातच राहतील हे बघा.

मुलांच्या सामन्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. चौदा वर्षांखालच्या एका सामन्यात, मी नवीन असताना, टाइमआऊटमध्ये एका कोचने चाल आखायची फळी मुलाच्या डोक्यात मारली. मी पलीकडे उभा होतो. ते त्यांच्या संघातलं आहे, असं मनाशी म्हणून मी नजर वळवली. मुलगा डोळे पुसत परत आला आणि सामना संपेपर्यंत त्याने एकदाही चेंडू मागितला नाही. मी चुकलो होतो. संघाचा घोळका ही कोचची खाजगी खोली नाही, तो सामन्याचाच भाग आहे आणि सामना पंचांच्या ताब्यात असतो. आता हात उठला की मी अपात्रतेचा फाउल देतो. गंभीर गैरवर्तनाच्या नियमात मार खाणारा विरोधी संघाचा असावा अशी अट नाही. नुसतं ओरडणं असेल तर मी जवळ जाऊन उभा राहतो. मुलाला अपमानकारक नावाने हाक मारली तर कोचला बाजूला घेऊन सूचना देतो. काही कोच म्हणतात, "माझी मुलं आहेत." मी म्हणतो, "सर, या चाळीस मिनिटांत माझीपण आहेत."

टेक्निकल किंवा अपात्रता झाली असेल तर अहवाल मैदान सोडायच्या आधी दोघांनी एकत्र बसून लिहा. "असभ्य भाषा वापरली" असं लिहू नका. समितीला त्यातून काहीच कळत नाही. जो शब्द उच्चारला तोच लिहा, मराठीत असेल तर मराठीत, हिंदीत असेल तर हिंदीत. कितवा क्वार्टर, घड्याळात किती वेळ, कोच कुठे उभा होता, तुम्ही कुठे होता, आधी सूचना कोणत्या शब्दांत दिली होती. आणि तुम्ही टेबलपाशी रेंगाळला असाल, तर तेही लिहा.